मेंदूतली उघडीप

दगडू,

तुझं तोंड मला बघू दिलं नाही.

तू अंगणात होतास आणि मी आतल्या खोलीत. मधल्या दाराशी शेजारच्या दोन म्हाताऱ्या ठाण मांडून बसल्या होत्या. जुळ्यातलं एक गेलं की दुसऱ्यानं त्याचं तोंड बघायचं नाही, नाहीतर गेलेलं मागच्याला ओढून नेतं, हे आपण दोघांनी लहानपणापासून ऐकलेलं. ऐकून हसलेलोही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली आणि जे पटलं नाही ते कधी केलं नाही. मी दाराला हात घालून म्हणाले, "बाजूला व्हा. माझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर," त्यांतली एक म्हणाली. "शिकलेल्या आसाल तुमी, न्हाय कोन म्हणतंय? पर जुळं ते जुळं. बसा गुमान."

मी बसले. बाहेर बांबू ठेवल्याचा आवाज आला, सुतळी ओढल्याचा आला. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पाय सरळ होईनात." दुसरं कुणी म्हणालं, "ऱ्हाऊ दे. जन्मात झाले न्हाईत, आता काय होतेत."

तुझ्याविषयीचं शेवटचं मी ऐकलं ते एवढंच.

हे तुला लिहिते आहे, पण वाचायचं आहे परदेशातल्या नातवंडांनी. त्यातही माझ्या नातीनं, सायलीनं. आणि सायलीला तू गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. तिच्या पोटात जुळं आहे. दिवस भरायला बराच अवकाश असताना कळा सुरू झाल्या, म्हणून तिला तिकडं दवाखान्यात ठेवून घेतलंय. पलंगावरून उतरूही देत नाहीत. पोटुशा बाईच्या कानावर असली बातमी घालायची नाही, यावर तिची आई, बालाजी, सुमन आणि मी, आमचं सगळ्यांचं न बोलताच एकमत झालं. बालाजी म्हणजे आपल्या धाकट्या भावाचा मुलगा आणि सुमन त्याची बायको. तुझं सगळं त्यांनी केलं. पोरांना हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. सायलीचा रोज फोन येतो. रोज ती विचारते, "आबा कसे आहेत?" आणि मी सांगते, "बरा आहे. शेळ्यांत आहे."

माझ्या तोंडून हे इतकं सहज निघतं की एकदा मीच वळून गोठ्याकडं पाहिलं.

आपल्या जन्माची गोष्ट पोरांना तू रंगवून सांगायचास. मी ती आईनं सांगितली तशी सांगते. सास्तूरच्या अलीकडचं आपलं जुनं गाव, आईला सातवा महिना सरत आलेला, आणि ध्यानीमनी नसताना तिच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली. आधी मी झाले. किरकिरत का होईना, रडले. सगळ्यांना वाटलं, झालं. मग सुईणीनं आईच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "माय, अजून एक हाय की गं."

तू आलास तो काळानिळा, लुळा. रडला नाहीस. सुईणीनं तुझी नाळ कापली नाही. वार परातीत घेऊन निखाऱ्याजवळ शेकत बसली, की त्या उबेनं नाळेतून जीव परत तुझ्याकडं जाईल. दुसरी एक बाई तुझ्या कानाशी काशाची थाळी वाजवत होती. किती वेळ गेला ते आईला कधी सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणायची, "थाळीचा आवाज हाय तवर तू हाईस, आसं वाटत व्हतं." मग तू आचका दिलास आणि मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढलास. तुला दृष्ट लागू नये, मरणानंही तुला दगडच समजून सोडून द्यावं, म्हणून तुझं नाव दगडू ठेवलं.

तू मात्र याची चेष्टा करायचास. "आक्का कशाची गं तू? दारातनं आदी पळालीस म्हणून आक्का?" आणि पुढं म्हणायचास, "पळालीस ते पळालीस, जाताना दार लावून घेतलंस." सगळे हसायचे. मीही हसायचे. पण त्या वाक्याला मला कधी पूर्ण हसू आलं नाही.

कापसात गुंडाळून, शेगडीशी ठेवून, थेंबथेंब दूध पाजून तुला जगवलं. तू दूध ओढायला लागलास, हसायला लागलास, माझ्याआधी आईला ओळखायला लागलास. घरात साखर वाटली. वर्ष सरत आलं, मी भिंतीला धरून उभी राहिले. तुला उभं केलं तर तुझे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, टाचा टेकेनात. तेव्हा आईला कळलं की त्या दिवशी जे व्हायचं होतं ते होऊन गेलेलं आहे. मधलं सगळं वर्ष आपण नुसतं उन्हात बसलो होतो.

या उन्हाला तूच नाव दिलंस. पोरांसाठी ते सगळं नीट सांगायला हवं.

सायली राहते त्या देशात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. ती डॉक्टर, पण रोगी तपासणारी नव्हे, संशोधन करणारी. दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळांचा ऑक्सिजन तुटला तर मेंदूला इजा कशी होते, आणि ती थांबवता येते का, हे तिचं काम. ते माणसाच्या बाळावर करून बघता येत नाही. म्हणून आधी उंदरांच्या पिल्लांवर आणि मग पोटातल्या कोकरांवर. हे काम तिनं कुणामुळं निवडलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि तुला ते विचारावं लागलं नाही.

मागं एका हिवाळ्यात ती इथं आली होती. तुझी काजळी शेळी तेव्हा व्यायला झाली होती. तू गोठ्यात लाकडी स्टुलावर, काठी बाजूला टाकून, बाह्या सरसावून. पहिलं करडू सरळ आलं. दुसरं उलटं आलं, मागचे पाय आधी, आणि अडकलं. तू ओढून काढलंस तेव्हा त्याची मान लोंबत होती. त्याचे मागचे पाय धरून तू ते गरगर फिरवलंस, नाकातलं पाणी झटकलंस, पोत्यानं खसाखसा चोळलंस, नाकात फुंकर घातलीस. सायली खांबाला धरून उभी होती.

"आबा, किती वेळ गेला असेल मध्ये?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत! घड्याळ बघू का करडू बघू?"

करडू शिंकलं. तू इतक्या मोठ्यानं हसलास की काजळी बिथरली. संध्याकाळी ते दूध ओढत होतं, शेपूट हलवत होतं. तू सायलीला हाक मारलीस, "ये, डॉक्टरीणबाई, बघ. जगलं का न्हाय?"

"आत्ता जगलंय, आबा," ती म्हणाली.

"आत्ता म्हंजे?"

तिनं सांगायचं टाळलं असतं. पण तुझ्यासमोर कुणाला टाळता येत नसे. ती तुझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि समजावून सांगू लागली. ऑक्सिजन तुटतो तेव्हा मेंदूतल्या पेशी लगेच सगळ्या मरत नाहीत. श्वास परत येतो, रंग परत येतो, यंत्रावरचे आकडे सुधारतात. काही तास असे जातात की बघणाऱ्याला वाटावं, संकट टळलं. आणि मग आतून, कुणी काही न करता, दुसरा घाला येतो. झटके येतात, पेशी मरायला लागतात. खरं नुकसान बरंचसं तेव्हा होतं. "या मधल्या वेळेला आम्ही लेटंट फेज म्हणतो," ती म्हणाली. "दबलेला काळ. सगळं शांत दिसतं."

तू करडाकडं बघत होतास. "म्हंजे उघडीप," तू म्हणालास.

"काय?"

"पावसात पडती ती. आभाळ फाटतं, ऊन पडतं, बायका कपडे वाळू घालत्यात. आन पाऊस डोंगरामागं बसलेला आसतो."

सायलीनं तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. नंतर मला म्हणाली की तिकडं परत गेल्यावर ती मनात लेटंट फेज म्हणतच नाही, उघडीपच म्हणते.

दुसऱ्या दिवशी करडाची मान मागं ताणली गेली आणि पाय हवेत पळायला लागले. संध्याकाळपर्यंत गेलं. इतकी कोकरं पाहिलेली ती मुलगी गोठ्यात बसून रडली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तुजं खरं झालं म्हणून रडतीस व्हय, येडे? मग तर लई रडावं लागंल तुला."

करडाला बांधाच्या बाभळीखाली पुरून आलो आणि चहाला बसलो. तेव्हा तू एकेक करून सगळं विचारून घेतलंस. मी त्या बैठकीकडं अनेकदा परत जाते.

"कोकराचा गळा आवळता?"

"नाही, आबा. मेंढीला भूल देऊन पोट उघडतो, कोकराला वायरी जोडतो, नाळेभोवती एक छोटा पट्टा बसवतो आणि पोट परत शिवतो. मेंढी बरी होते, उभी राहते, चारा खाते. मग एक दिवस तो पट्टा फुगवतो. नाळ दाबली जाते."

"मेंढीला कळतं?"

"काही कळल्याचं दिसत नाही. ती चारा खात असते."

तू चहा बशीत ओतलास. सायली म्हणाली, एक विचित्र गोष्ट आहे, आबा. अपुऱ्या दिवसांचं कोकरू भरल्या दिवसांच्या कोकरापेक्षा जास्त वेळ टिकतं. त्याची गरज कमी असते, म्हणून ते सोसतं.

"सोसतं म्हणून मरत न्हाय," तू म्हणालास. "आन मरत न्हाय म्हणून अडकतं."

"हो."

"पुडं त्या कोकराचं काय करता?"

"मेंदू बघावा लागतो." तिनं कप खाली ठेवला. "त्याला दुखू देत नाही. भूल देऊनच..."

"कळलं. आन मेंढीच्या पोटात जुळं निघालं तर?"

"तर एकाची नाळ दाबतो. दुसऱ्याला सगळ्या वायरी लावतो, पट्टाही बसवतो, पण फुगवत नाही. ते तुलनेसाठी असतं."

तू माझ्याकडं वळलास. इतका वेळ मी नुसती ऐकत होते. "आक्का," तू म्हणालास, "तू तुलनेची की गं!"

आपण हसलो. सायली हसली नाही.

"तुलनेच्याला मग सोडून देता?" तू विचारलंस.

"नाही, आबा. त्याचाही मेंदू बघावा लागतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तुलना कशी करणार?"

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

कोकरं मारू नका, असं तू तिला कधी म्हणाला नाहीस. पोटासाठी शेळ्या पाळणाऱ्या माणसाला ते म्हणता येत नाही, हे तू जाणून होतास. तुझा हट्ट एकच होता. "एकाचं झालं ते झालं. दुसऱ्यानं काय केलंय? त्याला जगू द्या की." ती निघेपर्यंत तू तेच म्हणत राहिलास आणि ती तेच उत्तर देत राहिली. मेलेल्या करडाची बहीण वाचली होती. तिचं नाव तू तुलना ठेवलंस आणि बालाजीला बजावलंस, "हिला बाजार दावायचा न्हाय." ती अजून गोठ्यात आहे.

आपला दोघांचा वाद वेगळा होता आणि तो अर्धाच राहिला. सायली गेल्यावर मी तुला समजावायला बसले. म्हटलं, भरल्या दिवसांच्या बाळाचा ऑक्सिजन तुटला तर आता त्याला त्या उघडीपीतच गार करून ठेवतात आणि कितीतरी बाळं त्यानं सावरतात. ते मेंढरांकडूनच शिकले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र गार करून भागत नाही, उलट धोका असतो. त्याच्यासाठी अजून काहीच हातात नाही, म्हणून ती धडपडते आहे.

"गार?" तू म्हणालास. "मला तर शेकत व्हते."

"तेच तर. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा कुणाचं तुझ्यासारखं होऊ नये, एवढंच तिला वाटतं."

तू काठीचं टोक जमिनीत रुतवत राहिलास. "माझ्यासारखं म्हंजे कसं, आक्का?"

मी अंगणातलं काहीबाही उचलून जागच्या जागी ठेवायला लागले.

"शेळ्या हायत. भाकर हाय. सुमन शिव्या घालती पर वाढती. तू हाईस. माझ्यासारखं म्हंजे कसं?"

सुमननं आतून ओरडून सांगितलं, "शिव्या कदी घातल्या ओ आबा, खरं बोला!" आणि विषय तिथंच तुटला. परत तो काढायचा असं दोघांनाही वाटत होतं, आणि दोघांनीही काढला नाही.

आज ते उत्तर देणं मला भाग आहे, कारण आज मी कशाला भिते आहे ते नीट लिहायला हवं. सायलीचं बाळ जाईल, याला मी भिते. आणि ते तुझ्यासारखं होईल, यालाही भिते. पहिली भीती कुणालाही सांगता येते. दुसरी लिहिताना तुझं स्टूल डोळ्यांसमोर येतं. तू माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार माणूस होतास, सगळ्यात तिखट आणि सगळ्यात हसरा. तरी मी भिते. हे दोन्ही खरं आहे आणि त्यांची तोंडमिळवणी मला या वयातही जमत नाही.

सायलीला जुळं असल्याचं कळलं तेव्हा घरात सगळे खूश. जुळं आपल्या रक्तातच आहे, सुमन म्हणाली. तू मात्र संध्याकाळी मला धाराशिवला फोन केलास आणि विचारलंस, "ती आजून त्या कोकरांत जाती का?" मी म्हटलं, जाते, काम आहे तिचं. तू म्हणालास, "आता काय दिवस जाऊ नगं म्हणावं. आसंच." त्यानंतर तिच्या कळांची बातमी आली. ती फोनवर मला म्हणाली, "आजी, तू मला धीर देऊ नकोस. धीर देणारे इथं पुष्कळ आहेत. मला काय काय होतं ते पायरीपायरीनं माहीत आहे. रात्रंदिवस यंत्रावर दोन ठोके ऐकते आणि दुसरा जरा मंदावला की मला तो पट्टा दिसतो."

हे मी तुला सांगणार होते. पण त्याच आठवड्यात तू गोठ्यात कोसळलास.

सुमनच्या सांगण्याप्रमाणे तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, बोबडी वळली होती. तुला उमरग्याला दवाखान्यात नेलं. मी धाराशिवहून पोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता आणि तू उशीला टेकून दुधात कुस्करलेली भाकर खात होतास.

"तोंड वाकडं झालंतं म्हणं माझं," तू म्हणालास.

"झालं होतं."

"आता?"

"आता जन्मापासून होतं तेवढंच आहे."

तुला हसताना ठसका लागला. बालाजीनं बाहेर जाऊन दहा जणांना फोन केले. डॉक्टर आले, हात वर करायला लावला, बोटं दाबायला लावली, म्हणाले, छान, असंच राहिलं तर लवकर घरी सोडू. ते गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस.

"आक्का, हुरळू नगं. ही उघडीप हाय."

"गप बस. डॉक्टर काय म्हणाले ऐकलं नाहीस?"

"डागदरकडं शेळ्या न्हाईत." मग आवाज खाली आणून म्हणालास, "सायलीला सांग."

"काय सांगू?"

"तेच. तुलनेचं हाय त्याला जगू द्या म्हणावं."

"दगडू, तिच्या हातात नाही रे ते."

"तिच्या हातात हाय आसं म्या कुटं म्हणलो? सांग म्हणलो."

मी चहा आणायला खाली गेले. परत आले तर तू झोपला होतास आणि सुमन डोळे पुसत होती. मला वाटलं, थकली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला दुसरा झटका आला आणि त्यात तू गेलास.

त्या दोन म्हाताऱ्यांचा राग माझ्या मनात तसाच होता. त्या समोर दिसल्या की मी तोंड फिरवत होते. काल सुमन भाकरी थापत होती, मी चुलीसमोर बसले होते. ती एकदम म्हणाली, "आत्या, त्यांच्यावर राग धरू नका. त्यांना आबांनीच बसवलं होतं."

"म्हणजे?"

"तुमी चहा आणायला गेलता तवा मला म्हणले, 'आक्काला माजं तोंड दावू नका. दाराशी बाया बसवा, ती सादी ऐकायची न्हाय.'"

मी म्हटलं, "दगडूचा यावर विश्वास होता?"

"मी बी तेच इचारलं." तिनं भाकर उलटली. "म्हणले, 'इस्वास न्हाय गं. पर खात्री बी न्हाय.'"

तवा तापत राहिला. मला एक जुनी सकाळ आठवली. माझं पुढच्या शिक्षणासाठी गावाबाहेर जायचं ठरत होतं आणि घरातली सगळी थोर माणसं म्हणत होती, जुळ्याची ताटातूट करू नये, एकाला काही झालं तर दुसऱ्याला बाधेल. तू चौथीनंतर शाळेत गेला नव्हतास; पुढची शाळा लांब होती आणि तुझे पाय तिथवर जात नव्हते. तू ओसरीत बसून सुतळी वळत होतास. मान वर न करता म्हणालास, "जाऊ द्या तिला. माझं व्हायचं ते झालंय. तिला कामून बांदता?" मी गेले. मी जे काही झाले ते त्या वाक्यावर झाले. दोन्ही वेळा तुझ्यापासून मला सोडवून तूच बाजूला झालास, आणि या वेळी तर जाताना दारही तूच लावून घेतलंस.

इथवर काल लिहून झालं होतं. आज सकाळी सायलीचा फोन आला.

मी तुझ्या बाजेवर बसले होते. तिचा आवाज नेहमीचाच होता, जरा जास्तच नेटका. ती म्हणाली, "आजी, झालं. मुलगी आधी झाली. रडली. मुलगा नंतर. त्याची नाळ त्याच्याआधी खाली सरकली आणि दबली. त्याला बाहेर काढेपर्यंत वेळ गेला."

"किती?" माझ्या तोंडून निघालं. तुला विचारलेला तिचाच प्रश्न होता तो.

"गेला," ती म्हणाली. "आता श्वास चालू आहे, यंत्राची मदत आहे. रंग चांगला आहे. आकडे चांगले आहेत. इथले सगळे माझं अभिनंदन करताहेत." मग म्हणाली, "आबांना दे. मला त्यांनाच सांगायचंय."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाजेवर, तुझं डोकं असायचं तिथं ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. खोटं बोलायला शब्द सापडेना, म्हणून असेल.

"आबा," ती म्हणाली, "आमच्याकडं उघडीप पडली आहे."

गोठ्यातून तुलना ओरडली. मग काहीच नाही. तिकडून यंत्राचा टिकटिक आवाज येत होता.

"आबा?"

मी हात तोंडावर दाबून धरला होता.

"आजी," बऱ्याच वेळानं सायली म्हणाली, "आबा कधी गेले?"

मी सांगितलं. ती रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझं कामच आहे ते, आजी. शांतता ऐकायची. तू रोज 'बरा आहे' म्हणायचीस त्यामागं मला ऐकू यायचं. मी विचारत राहिले, कारण तू म्हणत राहावंस असं वाटायचं."

"त्यानं तुला निरोप ठेवलाय," मी म्हणाले. "तुलनेचं आहे त्याला जगू द्या म्हणून."

तिच्याकडं कुणीतरी आलं, काहीतरी बोललं, गेलं. मग ती म्हणाली, "मुलगी माझ्या छातीवर आहे, आजी. चिमणीएवढी आहे. पण पकड बघ हिची. माझं बोट सोडत नाही." आणि मग, "तू नीट जेवतेस ना? औषधं घेतेस ना?"

मी म्हटलं, घेते.

"घे. तुला राहायचंय अजून."

हे तिचं वाक्य की तुझं, मला ठरवता आलं नाही.

"आणि तो?" मी विचारलं. "धाकटा?"

"काचेत आहे. इथून दिसतोय मला." ती थांबली. "तो शांत आहे, आजी."

फोन ठेवून मी बाहेर आले. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. आठवडाभरात पहिल्यांदाच आभाळ मोकळं होतं, पत्रे चमकत होते. सुमननं ओल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं आणि दोरीवर एकेक झटकून टाकत म्हणाली, "आत्या, बरं झालं की ओ, उघडलं एकदाचं."

दगडू, मी डोंगराकडं बघत उभी होते.